सहा ओळींचं घर

मंगळवार, ११ जून १९९६. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी पान सहा ओळींनी कमी पडलं.

यात विशेष काही नाही. दैनिकात मजकूर जास्त झाला तर कापतात, कमी पडला तर वाढवतात. दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकाच्या शुक्रवार पुरवणीत मी उपसंपादक होते आणि ते पान माझं होतं. साडेचारला ते छापखान्यात जायला हवं होतं.

पानाची कल्पना बापू वर्टींची. बापू आमचे वृत्तसंपादक, मूळचे देवगडचे. इथला प्रत्येक माणूस कुठून तरी आलेला आहे आणि त्या गावाची बातमी कोणी करत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून दर शुक्रवारी एक गाव. ते गाव पाहायला आम्ही कोणी जायचं नाही. तिथून आलेल्या माणसाने ते इथे बसून सांगायचं. बापूंचे नियम दोनच होते. प्रत्येक गोष्ट एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांकडून तपासायची आणि स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. अशी बावीस गावं छापून झाली होती. तेविसावं किटुंगेनी.

किटुंगेनी माझ्याकडे आणलं साजिदाने. ती शारजात एका शिपिंग कंपनीत टायपिस्ट होती, वय तीस, नवरा जहाजावर. लग्नानंतर नवऱ्यामुळे तिला भारतीय पासपोर्ट मिळाला होता. तिची आई मरियमबी हिच्याकडे मात्र कोणत्याच देशाचा कागद नव्हता. चौसष्ट साली झांझिबारच्या गडबडीत ती नवऱ्याबरोबर गलबतातून निघाली ती इथे उतरली, आणि तेव्हा इथे कोणी कागद विचारत नसे. आता विचारत होते. त्या उन्हाळ्यात बिनकागदाच्या लोकांना देश सोडायची किंवा कागद करून घ्यायची मुदत मिळणार अशी चर्चा होती. आईच्या जन्मदेशाच्या वकिलातीतल्या कारकुनाने साजिदाला सांगितलं होतं, की तुमच्या आईच्या जन्माची नोंद सापडत नाही आणि त्या नावाचं गावही आमच्या यादीत नाही. काही छापील असेल तर आणा.

"हेमाताई, तुम्ही छापलंत तर ते छापील होईल," साजिदा म्हणाली.

मी तिला सांगितलं, की पेपर म्हणजे दाखला नव्हे.

"दाखला आहे कुठे आमच्याकडे? पेपर तरी असू दे."

मी तीन वेळा शारजाला गेले. रोला चौकाजवळच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मरियमबी बासष्ट वर्षांची, ठेंगणी, काठी घेऊन चालणारी. उजव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी डाव्या बाजूला बसायचे. लिफ्टची तिला धास्ती होती; साजिदाने हात धरल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नसे. बोली हर्णैकडची, मधूनमधून स्वाहिली. इथे मी तिचं बोलणं साध्या मराठीत देते आहे.

पेंबा हे झांझिबारच्या उत्तरेचं बेट. किनारा सोडून आत गेलं की टेकड्या, आणि टेकड्यांवर लवंगेची झाडं. किटुंगेनी त्या आतल्या भागात होतं. डांबरी रस्ता सहा मैलांवर. तिथून पुढे लाल मातीची वाट, पावसाळ्यात बैलगाडीही रुतायची. मरियमबीचा बाप हर्णैहून गलबतावर सुतार म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. त्याने या गावात दुकान टाकलं. मीठ, रॉकेल, कापड विकायचं आणि हंगामात लवंग तोलून घ्यायची. गावात परका तो एकटा. त्याने तिथलीच बायको केली.

घरं किती, असं मी विचारलं तेव्हा मरियमबीने डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर चालवायला सुरुवात केली. दुकानातून निघाली, विहिरीकडे वळली, मशिदीमागून वर चढली. प्रत्येक घरापाशी बोट थांबायचं आणि ती घरवाल्याचं नाव घ्यायची. एकेचाळीस. पुढच्या भेटीत मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा चालून दाखवलं. एकेचाळीसच.

मातीच्या भिंती, नारळाच्या झापांची छपरं. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तपकिरी व्हायचं, तरी गोड. संध्याकाळी कोल्ह्याच्या तोंडाची मोठी वटवाघळं झाडांवरून उठायची आणि आकाश भरून जायचं. जुलैत लवंगेच्या कळ्या गुलाबी व्हायला लागल्या की शाळा बंद. पुरुष झाडावर, बाया खाली देठं खुडत. चार-पाच दिवस चटयांवर वाळवण. ढग दिसला की पहिली बघणारी ओरडायची आणि सगळं गाव, जेवत असेल तर उष्ट्या हाताने, चटया गुंडाळायला धावायचं. त्या दिवसांत घामालाही लवंगेचा वास येतो, असं ती म्हणाली. आईच्या दुधालासुद्धा. शेवटचं वाक्य बापूंनी कापलं.

दुसरा माणूस मला दुबईतच, रास अल खोरमध्ये मिळाला. मसाल्यांच्या एका गोदामात गनी नावाचा तोलणारा होता, पासष्टीचा, श्रीवर्धनचा. तरुणपणी तो पेंबात लवंगेच्या लॉरीवर होता. मरियमबीला तो ओळखत नव्हता. फोनवर मी त्याला गावाचं नाव तेवढं सांगितलं.

"किटुंगेनी? म्हणजे त्या कोकणी दुकानदाराचं? विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं, तेच ना?" तो म्हणाला. "घरं असतील चाळीस."

बापूंचा नियम पुरा झाला होता.

आणि मग त्या मंगळवारी एका जाहिरातीचा आकार बदलला आणि खाली सहा ओळींची जागा उरली. मी साजिदाच्या कंपनीत फोन केला. ती बँकेत गेली होती. शेजाऱ्यांचा फोन कोणी उचलेना. बापू दारात उभे राहिले.

"काय गो, पान आज सोडतेस की उद्या? यल्ला!"

मी सहा ओळी लिहिल्या. मुळातल्या इंग्रजीचं मराठी असं होईल:

"गावाच्या टोकाला, लवंगेची झाडं संपतात तिथे, एक घर आहे. त्याचं दार निळं आहे. तिथे एक बाई एकटी राहते. संध्याकाळी ती ओट्यावर बसते आणि वाटेने जाणाऱ्याला त्याचं नाव विचारते. ते कळलं की मान डोलावते. बाकी काही बोलत नाही."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. निरुपद्रवी वाटलं, म्हणून लिहिलं. चार एकोणतीसला पान गेलं.

शुक्रवारी मी दहा प्रती घेऊन शारजाला गेले. साजिदाने पान वाचून एकेक ओळ आईला तिच्या बोलीत सांगितली. मरियमबी मान हलवत ऐकत होती. शेवटच्या सहा ओळी झाल्या आणि तिची मान थांबली. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं होतं.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं, पोरी," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले.

"मग कोणी सांगितलं?"

मी काही बोलायच्या आत तिने पान घडी घालून साजिदाकडे दिलं आणि चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं, ती रागावली. खोटं पकडलं गेलं की समोरचा रागावतो, हे मला परिचयाचं होतं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची, असं मी ठरवलं. पण दुरुस्ती लिहायची तर त्या टोकाला खरोखर काय होतं तेही लिहायला हवं. म्हणून २६ जूनला सकाळी मी गनीला भेटायला रास अल खोरला गेले.

गोदामात बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. गनी काट्याशेजारी पोत्यावर बसला होता. मी त्याला पान दिलं नाही, काही सुचवलंही नाही. फक्त विचारलं, की झाडं संपतात तिथे गावाच्या टोकाला काय होतं.

"घर होतं."

"कसलं घर?"

"घरासारखं घर, बाय. तिथं आम्ही लॉरी थांबवत नव्हतो."

"का?"

"ती नाव विचारायची. सांगायचं नाय, असं होतं."

"सांगितलं तर?"

"मला काय माहीत? मी कधी सांगितलं नाय."

मी विचारलं, की त्याने आमचा पेपर वाचला का. तो हसला. "मला इंग्लिश येत असती तर इथं पोती मोजत बसलो असतो? तुझ्या खुर्चीत नसतो बसलो?"

मी विचारलं, की दाराचा रंग कोणता होता.

"रंग नव्हता. नुसतं लाकूड." त्याने थोडा विचार केला. "कोणी निळा म्हणालं काय तुला? मग नंतर लावला असेल."

निळा हा शब्द मी त्या सकाळी उच्चारला नव्हता. परत येताना टॅक्सीत मी वही काढून संभाषण आठवेल तसं लिहून काढलं आणि दोनदा तपासलं.

तरीही हे समजण्यासारखं होतं. गोदामात कोणी तरी इंग्रजी वाचणारा असणार. त्याने गनीला पान वाचून दाखवलं असणार. गनी माझी गंमत करत असणार. प्रत्येक गावाच्या टोकाला एखादं घर असतं आणि त्यात एखादी एकटी बाई असते. मी हेच बापूंना सांगितलं आणि दुरुस्तीचा मजकूर त्यांच्यासमोर ठेवला.

बापूंनी चष्मा कपाळावर चढवला. "तू खोटं लिहिलंस. बरं. पण घर आहे ना तिथे?"

"गनी म्हणतो, आहे."

"आणि म्हातारी म्हणते नाही?"

"ती नाही म्हणत नाही. मी सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणते."

"मग दुरुस्ती कसली करतेस? 'आम्ही छापलेलं खरं निघालं, क्षमस्व'?" त्यांनी कागद परत केला. "पुन्हा असं करू नको. खलास."

साजिदाने ते पान अर्जाला जोडलं. वकिलातीने बेटावर चौकशी पाठवली. उन्हाळ्यात मुदत जाहीर झाली. ऑक्टोबरअखेर कागद नसतील तर मरियमबीला जावं लागणार होतं, आणि कुठे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. साजिदा रोज जेवणाच्या सुट्टीत मला फोन करायची. बोलण्यासारखं काही नसायचं. फक्त "अजून नाही" म्हणायची.

फॅक्स आला २१ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी ती तो घेऊन माझ्या ऑफिसात आली. कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. अर्धा पानभर टाइप केलेलं इंग्रजी होतं. किटुंगेनीचे लोक एकोणनव्वद साली डांबरी रस्त्यालगत राहायला गेले. जुन्या जागी आता एकच घर वसलेलं आहे. तिथे राहणाऱ्या बाईला दुकानदार आणि त्याची मुलगी आठवते. मुलीचा जन्म त्याच गावी झाल्याचं ती सांगते. अर्जदाराने साक्षीदारासमोर स्वतः हजर राहावं. ओळख पटल्यास पासपोर्ट देण्यास हरकत नाही.

खाली साक्षीदाराचा अंगठा होता. नावाची जागा कोरी होती.

साजिदाचे डोळे भरून आले होते. "हेमाताई, तुमच्यामुळे झालं."

मी तिला सांगितलं. जाहिरातीचा आकार, दहा मिनिटं, सहा ओळी. ते घर आणि ती बाई मी रचली होती.

ती हळू आवाजात म्हणाली, "हे आता सांगता मला? आता?"

"सांगायला हवं होतं आधी."

"नाही. आता पण सांगायला नको होतं." तिने फॅक्सची घडी घातली. "तुम्ही एक घर लिहिलंत, ते निघालं. कोइन्सिडन्स. माझ्या आईला ओळखणारं जगात एक माणूस सापडलंय, आणि तुम्ही म्हणता ते नाहीच."

"गनी म्हणतो, तिला नाव सांगायचं नसतं."

साजिदा हसली. रडता रडता हसली. "ओळख पटवायला जायचं आणि नाव नाही सांगायचं? ते कसं करायचं, ते लिहून द्या मला. सहा ओळीत."

मरियमबी शनिवारी, १२ ऑक्टोबरला तात्पुरत्या प्रवासपत्रावर गेली. साजिदाला रजा मिळाली नाही. गनीचा भाचा झांझिबारला असतो. तो बेटावर सोबत जाणार होता. मी विमानतळावर गेले. मरियमबीने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मी तिच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाले, की त्या घरापाशी फार वेळ थांबू नका.

"थांबायला कशाला जाते मी?" ती म्हणाली. "कागद झाले की परत. साजूला माझ्याशिवाय जेवण जात नाही."

ती ९ नोव्हेंबरला परत आली. पासपोर्ट खरा होता. मी स्वतः पाहिला. पुढे व्हिसाही रीतसर झाला. गनीने भाच्याकडून कळलेलं मला फोनवर सांगितलं. लॉरी झाडं संपतात तिथवर गेली. भाचा उतरला नाही. सरकारी अधिकारीही उतरला नाही. शिक्का त्याने लॉरीतच मारला. मरियमबी एकटी चढण चढून गेली आणि अर्ध्या तासाने आली.

"गेली ती काठी टेकत," गनी म्हणाला. "आली ती काठी विसरून."

त्या वर्षअखेरीस मी शारजाला गेले. सवयीने डाव्या बाजूला बसले. मरियमबी म्हणाली, "अशी कोपऱ्यात का बसतेस? इकडे ये," आणि उजवीकडची जागा दाखवली. मी तिकडे बसले. मी हळू बोलले तेही तिला ऐकू आलं. साजिदाने डॉक्टरला विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट झाला की कधी कधी कान मोकळा होतो. लिफ्टने ती आता एकटी खाली जात होती. साजिदा खूश होती. मी पण खूश झाले. जे अर्जाने मिळवायचं ते मिळालं होतं. आई लेकीकडे होती.

पुढची सहा वर्षं नोंदवण्यासारखं काही नाही. बापू निवृत्त होऊन देवगडला गेले. ते पान बंद झालं. साजिदाची आणि माझी भेट वर्षातून दोन-तीनदा व्हायची. मरियमबीची तब्येत उत्तम होती.

२० ऑगस्ट २००२ ला गनीने मला गोदामात बोलावलं. पेंबाहून आलेल्या लवंगेच्या पोत्यांबरोबर एक पाकीट आलं होतं. त्यावर रोमन लिपीत साजिदाचं नाव आणि 'शारजा' एवढंच होतं. आत एक कॅसेट होती. यात आश्चर्य नव्हतं. लिहिता न येणारी कोकणातली आणि बेटावरची माणसं वर्षानुवर्षं कॅसेट भरून पाठवत आली आहेत. कोणी दिली, ते मात्र गनीला सांगता आलं नाही.

साजिदाने ती माझ्या ऑफिसातल्या टेपवर, जेवणाच्या सुट्टीत ऐकली. एक मिनिटानंतर तिने कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे दिला.

आवाज मरियमबीचा होता.

"साजू," असं सुरू होत होतं. "मला म्हणाले, बस, कागद होतील. मी बसले आहे. आता सहा हंगाम झाले. तू जेवतेस ना?"

बावीस मिनिटं. पाऊस, पाणी, छप्पर. पाय दुखतात. रस्त्याने कोणी येत नाही. कॅसेटवाल्याला मोठ्याने बोलायला सांगावं लागतं, कारण तो नेमका उजव्या बाजूला बसतो.

मी शहाण्णव सालच्या मुलाखतींच्या टेप जपून ठेवल्या होत्या. दुबईत करामा भागातल्या माझ्या घरी त्या संध्याकाळी मी आधी त्या लावल्या, मग ही. माझी मुलगी केया, दहा वर्षांची, बाजूच्या खोलीत अभ्यास करत होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने ती दारात आली.

"मम्मा, हू इज धिस ओल्ड लेडी? शी साउंड्स सो सॅड इन द सेकंड वन."

मी साजिदाला सांगितलं, की ही कॅसेट आई तिकडे होती त्याच महिन्यात, शहाण्णव सालीच भरलेली असू शकते. साजिदा म्हणाली, "सहा हंगाम?"

तिने घरी आईला प्रश्न विचारून पाहिले. बापाच्या दुकानात काय कुठे होतं, लग्नात कोण आलं होतं, साजिदाला गोवर कधी आला. आईने सगळी उत्तरं बरोबर दिली. कुठेही अडखळली नाही.

"आधी अडखळायची," साजिदा मला म्हणाली. "गोवरचं वर्ष तिला कधीच आठवत नव्हतं." मग म्हणाली, "आणि मला साजू म्हणत नाही. परत आल्यापासून नाही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"तू विचार की तिला."

"काय विचारू? तू कोण, म्हणून विचारू?"

दुसरी कॅसेट नोव्हेंबरात आली. नऊ मिनिटांची. खोकला वाढला होता.

तिसरी यंदा, २ फेब्रुवारीला. ती चार मिनिटांचीच आहे. "कागद अडलेत म्हणतात. ओळख पटवायला माणूस लागतो, रक्ताचा. दुसरं कोणी चालत नाही. साजू, तू ये. मी दुसऱ्या कोणाला बोलावू?"

मी साजिदाला जाऊ नको म्हणाले. मी म्हणाले, की पुरावा काही नाही. एक आवाज आहे आणि आवाजाची नक्कल करता येते. मी म्हणाले, की जायचंच तर मी सोबत येते, किंवा नवरा जहाजावरून येईपर्यंत थांब.

"तो मे महिन्यात येणार," ती म्हणाली. "तिचा खोकला ऐकलात ना?"

"घरी असलेल्या आईचं काय?"

साजिदा खिडकीबाहेर बघत होती. "ती माझी काळजी घेते, हेमाताई. सहा वर्षं घेते आहे. तिची मला कधी भीती वाटलेली नाही. हेच मला कळत नाही."

बकरी ईद झाल्यावर तिने ऑफिसात दहा दिवसांची रजा टाकली. कारण 'वैयक्तिक' लिहिलं. तिकीट येत्या गुरुवारचं आहे, २० फेब्रुवारीचं. ते तिने माझ्या ऑफिसाजवळच्या एजंटकडून काढलं आणि माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे. जाण्याबद्दल ती माझ्याखेरीज कोणाशी बोललेली नाही, गनीशीही नाही. गुरुवारी घरून नेहमीसारखं कामाला म्हणून निघायचं, असं तिने ठरवलं आहे.

हे मी सोमवारी, १७ फेब्रुवारी २००३ रोजी दुपारी लिहिते आहे. सकाळी सव्वाआठला साजिदाचा फोन आला. ती ऑफिसातून बोलत होती, आवाज नेहमीचा होता.

काल संध्याकाळी ती कामावरून घरी पोचली, तेव्हा तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दहा दिवसांचे कपडे, सगळे इस्त्री केलेले.